देवभाताचं कुसाळ

गोकुळदासाच्या घरापुढच्या खळ्यात अर्धं केरी गाव लोटलं होतं. मधोमध पाटावर जयरामबुवा, दोन्ही हातांत तांब्याचं ताट. ताटात एक कुसाळ, मांजराच्या मिशीएवढं. बुवाने त्यावर पळीभर तीर्थ सोडायला सांगितलं, आणि ते कुसाळ वळवळायला लागलं. फिरलं, गरगरलं, थांबलं ते दारात उभ्या गोकुळदासाच्या बायकोकडे, कमलाक्षीकडे टोक करून.

बाया मागे सरल्या.

"देवभाताचं कुसाळ हे," बुवा म्हणाला. "आत देवचार शिरलाय, गावाचा राखणदार. खूण कोणाकडे केली ते मी कशाला सांगू?"

दोन-तीन सालं गोकुळदासाच्या शेताचं हेच चाललं होतं. भात पिकायला आलं की दाणे आपले आपण चिखलात. उरलेल्या लोंब्यांना लांब कुसं, आत लाल तांदूळ. पेरलेलं एक, उगवलेलं भलतंच.

"हिने तळ्याकाठी आपोआप उगवणारं देवभात कापलं," बुवाने निकाल दिला. "तो देवचाराचा वाटा. आता हिने शेतात पाय ठेवायचा नाही. रविवारी कारापूरला माहेरी धाडा, परत आणू नका. शेत माझ्या मठीला सोडा, मी सांभाळतो."

शेत समुद्राकडच्या रस्त्याला लागून. बुवाचे देवचार नेहमी असल्याच जागा बघून शिरतात, पण ते बोलायचं कोणी?

कमलाक्षी सासूकडे वळली. "ऋषिपंचमीला बिननांगराचं खायचं म्हणून तुम्हीच मागितलंत ना ते?"

"मागलंय मी," पद्मावती म्हणाली. "कापलंस तू."

गोकुळदास जमिनीकडे बघत राहिला.

त्या दिवसापासून कमलाक्षी घरात. पुढचा उंबरा बंद, फक्त मागीलदार मोकळं. शेजारपाजारची कापणी चाललेली तिला खिडकीतून ऐकू यायची. शेजारीण आली तर हिच्या हातचं पाणी घेईना. सासूने बॅग आणून खाटेवर ठेवली, भरायची तेवढी राहिली. रात्र झाली की कमलाक्षीला वाटायचं, खरंच शिरला असेल का माझ्यात कोण?

सड्यावरच्या कातळमाळावरून गवत कापून आलेल्या नवऱ्याची लुंगी ती मागीलदारी धुवायला बसली. लुंगीभर कुसळं टोचलेली. एक उपटून ओल्या तळहातावर ठेवलं, तर ते वळवळलं. टोक तिच्याकडेच.

मग रागानेच दुसरं उपटलं. तेही वळवळलं. तिसरंही. चुलीपाशी सुकवली तर पुन्हा पीळ घेऊन बसली. देवचार एवढ्या कुसळांत कसा मावेल? तिने डिचोलीला नणंदेला फोन लावला. सुविधा तिथे हायस्कुलात विज्ञान शिकवते.

रविवारी सुविधा स्कूटरवरून आली, तेव्हा बुवाने ताट मांडलेलं होतं. कमलाक्षी सुपात लुंगीची कुसळं घेऊन उंबऱ्याबाहेर आली. सासू ओरडायच्या आत सुविधाने ग्लासातलं पाणी सुपात ओतलं. सूपभर कुसळं नाचायला लागली.

"हे कुसळी गवत, सड्यावर पायाला टोचतं ते," सुविधा म्हणाली. "ओलं झालं की पीळ सुटतो, बी जमिनीत घुसावं म्हणून. बुवा, आता हे खऱ्या देवभाताचं कुसाळ घ्या, तळ्याकाठून आणलंय. घाला तीर्थ."

बुवाने घातलं. ते मेल्यासारखं पडून राहिलं.

"बाटवलंत तुम्ही," बुवा पुटपुटला.

"मग टोक माझ्याकडे कसं आलं?" कमलाक्षीने विचारलं.

"ताट कोणाच्या हातात होतं, वैनी?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बुवा तीर्थाचा तांब्या तिथेच टाकून चपला शोधायला लागला.

"ते ऱ्हाव दे," गोकुळदास म्हणाला. "माझं भात कोण पाडता?"

"दादा, आपलं भात आणि देवभात एकाच कुळातलं. वाऱ्याने एकाचा पराग दुसऱ्याला लागतो, संकर होतो. रोप दिसतं आपल्यासारखं, सवय रानातली. वाडवडिलांनी दाणा धरून ठेवणारी रोपं निवडत भात केलं. हे दाणा टाकतं, म्हणून विळ्यातून सुटतं, चिखलात राहतं, पुढच्या साली आपोआप उगवतं. कधी आपलंच भातही असं रानाला लागतं."

"आणि देवभात?" गोकुळदासाने विचारलं.

"देवाचं म्हणून तळ्याकाठी, बांधावर कोणी हात लावला नाही, म्हणून फोफावलं. वैनीने कापलं तेच बरोबर. अजून कापायला हवं होतं. आता बियाणं बदला, कुसवाल्या लोंब्या गळायच्या आधी उपटा. एका सालात सुटका नाही, चिखलात बी पडून आहे."

पद्मावती आत गेली आणि खाटेवरची बॅग माळ्यावर टाकून आली. माफी वगैरे काही नाही.

कमलाक्षी शेतात उतरली. गुडघाभर चिखलात कुसवाल्या लोंब्या खुडायला लागली. बांधावरच्या बाया नुसत्या बघत होत्या. मग त्यांतली एक, हौसा, साडी खोचून उतरली. बाकीच्या उभ्याच राहिल्या.

तर मंडळी, पीक बिघडलं तर बियाणं बघा, माती बघा, चार जाणत्यांना विचारा. घरच्या बाईला कोंडून भात सुधारत नाही. आणि बुवा चमत्कार दाखवेल तेव्हा ताट आपल्या हातात मागा. देत नसेल तर घरी जा, शेतात बरंच काम पडलंय.