अत्यावश्यक चिंचोके

माणसाला कोणते उपचार अत्यावश्यक असतात, हे शोधून काढायला पुण्याच्या एका संस्थेला तीन वर्षांचा निधी मिळाला होता. सरकारी आरोग्य विम्याची नवी यादी व्हायची होती. कोणते उपचार तीत राहतील अन् कोणते गळतील, हे लोकांनाच विचारायचं असं वर ठरलं होतं. फार चांगली गोष्ट. झरीच्या पुढच्या त्या छोट्या गावात महिनाभर बीपीच्या गोळ्या नव्हत्या. पण गोळ्या अत्यावश्यक आहेत की नाहीत हेच अजून सिद्ध व्हायचं होतं, त्यामुळे तक्रार करणं घाईचं झालं असतं.

सोमवारी संस्थेची गाडी आली. गावात पंखा असलेली सावली एकच, मारुतीचा सभामंडप. वैदेही मॅडमनी तिथेच, देवाच्या पुढ्यात, वीस चौकोनांचा फ्लेक्स अंथरला. चौकोनात चित्रं: बाळंतीण, डोळा, दात, खेकडा म्हणजे कॅन्सर, आणि वालाच्या दाण्यासारखी किडनी, तिच्याशेजारी मशीन.

वीस बाया चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. त्यांत बायनाबाई होत्या. त्यांचा उपास होता. सोळा सोमवार धरले होते, हा चौदावा. त्यांचे यजमान दिनकरराव दर मंगळवारी आणि शुक्रवारी परभणीला जाऊन चार तास मशीनला लागायचे. विमा होता म्हणून ते चाललं होतं.

"प्रत्येकीला दहा चिंचोके," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "जे उपचार विम्यात हवेतच असं वाटतं, त्या चौकोनात ठेवा. यात चूक-बरोबर काही नसतं."

चिंचोके पुण्याहून आणलेले. घासलेले, एकसारखे, डब्यात मोजून दोनशे. मंडपावर चिंचेची फांदी टेकली होती आणि पायरीवर चिंचोक्यांचा सडा पडला होता, पण त्यांना मंजुरी नव्हती.

पहिल्या कमलबाई उठल्या. मारुतीला हात जोडले, चिंचोके कपाळाला लावले आणि दहाच्या दहा बाळंतिणीला वाहिले. "माझ्या निकिताची सुटका नीट होऊ दे रे बाबा." मागच्यांनी तोच कित्ता गिरवला. एका सुनेचा हात खेकड्याकडे गेला, तशी कमलबाईंनी चापट मारली.

"अगं ए, तिथं कुठं वाहायलीस? मारुतीच्या पुढ्यात बसून कॅन्सर मागून घेतीस का?"

सून ओशाळली आणि डोळ्यावर ठेवून आली.

बायनाबाईंचा हात मशीनपाशी थांबला. चौदा सोमवार महादेवाला सांगत होत्या, यांना यातून सोडव. आता त्याच हातानं मशीनला वाहायचं? जन्मभराचं मागून घेतल्यासारखं व्हायचं. त्यांनी सात चिंचोके बाळंतिणीला दिले, तीन दाताला. वय बासष्ट, दात उरलेले चार.

लॅपटॉपवाल्या शंतनु सरांनी फोटो काढला, मोजलं आणि वाचून दाखवलं. "बाळंतपण एकशे दहा. डोळे साठ. दात तीस. कॅन्सर शून्य, हृदय शून्य, डायलिसिस शून्य. मॅडम, अकरा गावांत हेच आलंय. किती सुरेख पॅटर्न आहे!"

"म्हणजे समुदायाच्या दृष्टीनं डायलिसिस अत्यावश्यक नाही," मॅडमनी वहीत टिपलं.

बायनाबाईंनी हळूच विचारलं, "म्हंजी काय होतंय वो, मॅडम?"

"आजी, हे अहवालात जाईल. शून्य आलेले उपचार नव्या यादीत कदाचित राहणार नाहीत."

"आमच्या यांचं मशीन बंद?"

"तसं एका गावावरून ठरत नसतं."

"बारा गावांवरून?"

मॅडमनी शंतनु सरांकडे पाहिलं. शंतनु सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं.

"माझे चिंचोके परत द्या," बायनाबाई म्हणाल्या.

"मोजणी झाली, आजी. फोटो वर गेला. फेरी एकदाच असते."

आवाज चढवायची बायनाबाईंना सवय नव्हती. त्या वाकल्या, दहा चिंचोके वेचले, पदरात बांधले आणि मारुतीसमोर मांडी घालून बसल्या.

शंतनु सरांनी बाकीचे गोळा केले, तर डब्यात एकशे नव्वदच भरले. तीन वाजता पुढच्या गावात बाया बसवलेल्या. "आजी, प्लीज. दोनशे नसतील तर सत्र ग्राह्य धरत नाहीत."

"पायरीवर पडलेत की लय," कमलबाई म्हणाल्या. "घ्या येचून."

"ते प्रमाणित नाहीत हो."

"अगं बाई! चिंचंला तेवढं कळलं न्हाई बघा."

मंडप हसला. वैदेही मॅडम मात्र बायनाबाईंशेजारी खाली बसल्या. "आजी, तुम्हाला हवं होतं, मग ठेवलं का नाहीत?"

"तुमी देवापुढं मांडलाव, अन् म्हनलाव ठेवा. देवापुढं ठेवायचं ते मागायचं असतंय, माय. कोन बाई रोग मागंल?"

मॅडमनी वहीचं नवं पान उघडलं. "मग कसं विचारायला हवं होतं?"

"असं इचारा की, घरात काय शिरलं तर तुमचं काईच चालायचं न्हाई? त्याच्यावर ठेवा म्हना. धोंडा ठेवून दाबल्यावानी."

त्यांनी गाठ सोडली आणि एकेक चिंचोका मशीनवर अंगठ्यानं दाबून ठेवला. दहाही.

कमलबाई उठल्या. मग डब्यातून आपले दहा काढले आणि, एकदाही न हसता, खेकड्यावर ठेवले. त्यांची धाकटी बहीण कशानं गेली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं. पाच मिनिटांत डबा रिकामा झाला आणि खेकडा दिसेनासा.

"ही फेरी नोंदवा," मॅडम म्हणाल्या.

"तसा रकाना नाही, मॅडम."

"मग शेऱ्यात लिहा. अकरा गावांच्या आकड्यांपुढेही लिहा."

चार महिन्यांनी आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी अहवाल वाचून दाखवला. लोकांचे मत हे विचारण्याच्या पद्धतीवर अवलंबून असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब प्रश्न कसा विचारावा यावर आणखी दोन वर्षे संशोधन व्हावे, त्यासाठी वाढीव निधी मंजूर. तोवर जुनी यादीच कायम.

"जुन्या यादीत हाय ना यांचं?" बायनाबाईंनी विचारलं.

"हाय की, मावशी."

सोळा सोमवार केव्हाच फेडून झाले होते. त्या सोमवारी बायनाबाईंनी पुन्हा सोळा सोमवारांचा संकल्प केला. ओसरीवर उद्याच्या परभणीच्या फेरीसाठी पिशवी भरत बसलेल्या दिनकररावांनी विचारलं, "आता काय मागायलीस आनखी?"

"त्या पुण्याच्या लोकांना यश येऊ नको दे म्हनायलेय," त्या बेल वाहत म्हणाल्या. "शोधू दे बापड्यांना, निवांत."