एमिलच्या गाडीतली खरखर

एमिल कुचेराच्या लाल गाडीतला रेडिओ खरखरतो, हे वेसेली गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. पटलं नव्हतं ते एकट्या एमिलला. कान त्यालाही होते, पण त्याच्या मते दोष स्टेशनवाल्यांचा होता. "ते लोक खांबाला वेळच्या वेळी तेलपाणी करत नाहीत," असं तो सांगायचा. रेडिओच्या खांबाला तेलपाणी लागत नसतं, हे त्याला कुणी सांगायला जात नसे. गाडीच्या बाबतीत एमिलला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याची बायको लिबी एकदा म्हणाली होती, "गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी असते ना, तेव्हा रेडिओ चांगला बोलतो. मी तिथे बसून वाटाणे सोलते." त्यावर एमिल म्हणाला, "गाडी उभी ठेवायला नसते, लिबी." विषय तिथेच संपला.

गाडी मात्र देखणी होती. तीस वर्षांपूर्वीची, दोनच सीटची, बुटकी आणि लांब नाकाची. अंग पत्र्याचं नाही, फायबरचं, त्यामुळे गंजाचं नाव नाही. धान्याच्या कोठारावरची नोकरी संपल्यावर एमिलने ती एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून, आतल्या कोंबड्यांना हुसकून, बाहेर काढली आणि कितीतरी हिवाळे तिच्यापायी घालवले. इंजिनाचा एकेक भाग त्याने असा घासला की त्यात बघून दाढी करावी. लिबी म्हणायची, "चाळीस वर्षं संसार केला, माझ्याकडे इतकं टक लावून कधी बघितलं नाहीस."

त्या शनिवारी मात्र रेडिओ लागायलाच हवा होता. त्यांची मुलगी आर्लीन संध्याकाळी सहा वाजता पहिल्यांदा रेडिओवर बोलणार होती.

आर्लीनचा आवाज लहानपणापासून जाड आणि दणदणीत. जेवताना तिने मीठ मागितलं की शेजारचा कुत्रा उठून उभा राहायचा. एमिल चारचौघांत म्हणायचा, "आमच्या पोरीच्या पोटापाण्याची काळजी नाही. डुकरं हाकायला असा आवाज अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही." पाहुणे हसायचे, एमिलही हसायचा. आर्लीन हळूहळू पाहुण्यांसमोर बोलेनाशी झाली. ते कशामुळे, हा प्रश्न एमिलला कधी पडला नाही. पुढे ओट्सच्या कारखान्यात खोकी भरण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. तिथे यंत्रांच्या आवाजात कुणाचाच आवाज कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिला बरं वाटायचं. आणि आता तिशी उलटल्यावर तिने धीर करून दूरच्या एका छोट्या स्टेशनात अर्ज केला, आणि त्यांनी तिला घेतलं. काम साधंच. आधी गावोगावच्या सूचना वाचायच्या, मग डुकरांचे आणि धान्याचे बाजारभाव. तिने आनंदाने घरी फोन केला, तेव्हा बाप काय म्हणाला?

"बाजारभाव? म्हणजे शेवटी डुकरंच की!"

पलीकडे कुणी हसलं नाही. लिबीने नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला. त्यानंतर घरात एमिलला सूप कोमट मिळू लागलं आणि बोलणं त्याहून गार. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"मला काय सांगतोस? तिला सांग."

"सांगतो. आधी कशी बोलते ते ऐकू तर दे."

अडचण एकच होती. त्याच संध्याकाळी गावचा उन्हाळी उत्सव होता, सव्वासहाला जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायची होती, आणि यंदा सर्वांत पुढे चालण्याचा मान एमिलला मिळाला होता. लिबी म्हणाली, "तू जा मिरवायला. मी घरी थांबते. स्वयंपाकघरातला रेडिओ शहाणा आहे." एमिल हट्टाला पेटला. "दोघं मिळून ऐकू, गाडीत. मुलगी काय तुझी एकटीची आहे? रेडिओचं माझ्याकडे लागलं."

"एमिल, खरखर ऐकवलीस ना," लिबी शांतपणे म्हणाली, "तर पुढचा हिवाळा त्या गाडीतच झोपायचं."

साडेपाचला ते आइस्क्रीमच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत पोचले. गाड्या ओळीने उभ्या होत्या, बॉनेटं उघडी, मालक बाजूला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. सगळ्यांची इंजिनं बंद होती. चालू होतं फक्त एमिलचं. रेडिओही चालू होता आणि आत कुणीतरी कढईत काहीतरी तळत होतं.

मग काय, गर्दी जमली. दुसऱ्याची गाडी दुरुस्त करण्यासारखं सुख नाही, त्यात हात काळे व्हायचे नसले तर आणखीच. एक म्हणाला एरियल लांब कर. एमिलने लांब केली. दुसरा म्हणाला आखूड कर. तेही करून झालं. तिसऱ्याने एरियल हातात धरली, तर रेडिओतून "सोयाबीन" असा एक शब्द स्पष्ट आला.

"हलू नकोस!" एमिल ओरडला. "तसाच उभा राहा!"

तो बिचारा तसाच उभा राहिला, पण सोयाबीन परत आलं नाही. चौथ्याने फायबरच्या गाडीत अर्थिंग कशी मिळत नाही यावर प्रवचन दिलं, म्हणून एमिलने डिकीखालून एक तार ओढून लोखंडी सांगाड्याला बांधली. खरखर होती तशीच होती, फक्त एमिलचा इस्त्रीचा शर्ट गेला.

तेवढ्यात ड्वेन फ्राय आला. ड्वेनकडे याच जातीची हिरवी गाडी होती. गेल्या वर्षी मिरवणुकीत पुढे राहण्याचा मान त्याचा होता, आणि भर रस्त्यात त्याची गाडी बंद पडली. शाळेच्या बँडमधल्या मुलांनी तुताऱ्या खाली ठेवून ती ढकलली. ही गोष्ट एमिलने वर्षभर सांगितली. न्हाव्याकडे सांगितली, चर्चच्या पायरीवर सांगितली, दातांच्या डॉक्टरकडे तोंडात बोळा असताना सांगितली. नाताळात तर त्याने ड्वेनला जाड तळव्याचे बूट पाठवले. सोबत चिठ्ठी होती, "ढकलणाऱ्यांसाठी."

"काय रे एमिल, गाडीत भजनी मंडळ बसवलंस का?" ड्वेनने कान दिला. "इंजिन बंद कर बघू."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? इंजिन बंद केल्यावर खरखर गेली, तर दोष इंजिनाकडचा. राहिली, तर एरियलचा. इतका वेळ काय करताय मग तुम्ही सगळे?"

"रेडिओला बॅटरी खूप लागते," एमिल म्हणाला. "इंजिन चालू असलेलं बरं."

"दोन मिनिटांत बॅटरी संपते होय?"

"आणि लोकांना आवाज ऐकायला आवडतो. इंजिनाचा."

आता खरी गोम अशी होती की एमिलची गाडी गरम असताना एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नसे. स्टार्टर तापला की हूं की चूं करत नसे. चांगली दोन तास गार झाली की मग गुणी बाळासारखी चालायची. म्हणूनच तर दर शनिवारी जुन्या गाड्यांवाले इथे जमायचे, तेव्हा एमिल सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या शेवटी निघायचा. लोक म्हणायचे, काय हौस आहे माणसाला! खरं कारण फक्त लिबीला माहीत होतं, निदान एमिलची तशी समजूत होती. आज मिरवणुकीला अर्धा तास राहिला होता. आत्ता किल्ली फिरवली, तर सगळ्यात पुढची गाडी ढकलत न्यावी लागणार, आणि तीही ड्वेन फ्रायच्या देखत. पुढचं सगळं वर्ष त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. न्हावी, चर्चची पायरी, दातांचा डॉक्टर.

"गरम इंजिन बंद करायचं नसतं," तो छाती काढून म्हणाला. "जाणकारांना विचार."

लिबी शेजारी खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. तिच्यापुढच्या छोट्या टेबलावर कोलाचे होते. खसखशीचं आणि जर्दाळूचं गोड सारण घातलेले हे गोल पाव तिच्या हातचे म्हणजे गावात नावाजलेले. माश्या बसू नयेत म्हणून वर एक चकचकीत धातूचं झाकण पालथं घातलं होतं. ड्वेनने झाकण उचललं, एक कोलाच तोंडात घातला, आणि झाकण परत ठेवता ठेवता त्याचा हात थांबला. त्याने ते उलटं केलं, सुलटं केलं, कडेची भोकं बोटाने चाचपली.

"लिबी," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "हे कुठून आणलंस?"

"आमच्या तळघरात पडलं होतं. एमिल म्हणाला भंगार आहे. मी घासूनपुसून घेतलं. माश्यांना अगदी छान आहे, दोन उन्हाळे वापरतेय."

ड्वेनला हसू आवरेना. खसखस उडाली. "अरे लेका, हे डिस्ट्रिब्युटरवरचं, इंजिनातल्या ठिणगीवरचं झाकण आहे! पत्र्याच्या गाडीत ठिणगीची खरखर पत्राच अडवतो. आपल्या गाड्या फायबरच्या, अडवणार कोण? म्हणून हे घातलेलं असतं. तू काढलंस कशाला?"

एमिलचा चेहरा गाडीइतका लाल झाला. झाकण घातलं की त्याखालचं सगळं घासकाम झाकलं जायचं, म्हणून त्याने ते काढलं होतं. दोन उन्हाळे स्टेशनच्या खांबाला शिव्या दिल्या, आणि इलाज रोज त्याच्याच टेबलावर कोलाचे सांभाळत बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"चल, इंजिन बंद कर," ड्वेन बाह्या सरसावत म्हणाला. "लगेच बसवतो. चालू ठिणगीत हात घालायला मला सांगू नकोस."

"मिरवणुकीनंतर बसवू," एमिल पुटपुटला.

आणि चर्चच्या घंटेने सहाचे टोले दिले.

रेडिओत तळण चालूच होतं. त्या तळणाच्या पलीकडे, खूप लांबून, कुणीतरी बोलायला लागलं होतं. बाई आहे की पुरुष, तेही कळत नव्हतं. लिबी खुर्चीवरून उठली. गाडीत बसली, रेडिओच्या जाळीला कान लावला, दुसऱ्या कानावर तळहात दाबून धरला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. आपल्या मुलीचा एखादा शब्द तरी हाती लागतो का, ते ती बघत होती.

एमिलने ते पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने आत हात घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. त्याच क्षणी खरखर थांबली, आणि त्या मोकळ्या जागेवर एक जाड, ठाम, दणदणीत आवाज पसरला. "...बुधवारी वाचनालय बंद राहील. आपण ऐकत आहात गावोगावच्या सूचना, आणि मी आर्लीन कुचेरा."

लोक गाडीजवळ सरकले. आवाज कुठे अडखळत नव्हता, कुठे घाई नव्हती. घरात तो खिडक्या हलवायचा, इथे कसा अगदी बेतात बसला होता. हरवलेल्या मांजरीची सूचना तिने अशी वाचली की दोघातिघांनी गाड्यांखाली वाकून बघितलं. एमिल गाडीला टेकून उभा राहिला. तो उगाच आरसा पुसत होता.

"आता 'पाहिजेत' या सदरात शेवटची सूचना," आर्लीन म्हणाली. "वेसेली गावात, आइस्क्रीमच्या दुकानासमोर, एक लाल गाडी ढकलण्यासाठी सात-आठ धट्टीकट्टी माणसं ताबडतोब पाहिजेत. ही सूचना गाडीच्या मालकांना ऐकू येत असेल, तर त्यांनी इंजिन बंद केलेलं आहे. म्हणजे गाडी आता सुरू होणार नाही. मालक म्हणतील, गाडीला काही झालेलं नाही. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. हाकायला मोठा आवाज लागल्यास माझ्याशी संपर्क साधावा."

मग जो हशा उठला तो दुकानातल्या पोरी काचेतून डोकावण्याइतका मोठा. एमिलने बायकोकडे पाहिलं.

"तू सांगितलंस तिला?"

"मग! इतकी वर्षं वाटाणे एकटीने सोलले, कुणाशी तरी बोलायला नको?"

एमिलला राग यायला हवा होता. आला नाही. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. ड्वेन तर केव्हाच हिरव्या गाडीच्या डिकीतून नाताळचे बूट काढून पायात घालत होता. "नाताळपासून जपून ठेवलेत," तो म्हणाला. "मला माहीत होतं कामाला येणार. झाकण बसवायला आता वेळ नाही. चला रे, लावा हात! दुसऱ्या गिअरला टाक, एमिल!"

शिट्टी वाजली. मिरवणुकीच्या व्यवस्थापक स्टास्नीबाई हात हलवत आल्या. पुढे बँडची मुलं तुताऱ्या तोंडाला लावून तयार होती. माणसांनी गाडीच्या मागच्या अंगाला हात लावले.

"थांबा!" एमिल ओरडला. "खबरदार कुणी ढकललं तर!"

"आता काय झालं?" ड्वेनने विचारलं.

"गाडी सुरू झाली की परत खरखर." एमिल सीटवर बसला, लिबीच्या शेजारी, आणि त्याने रेडिओचा आवाज पूर्ण वाढवला. "माझी मुलगी बोलतेय. डुकरांचे भाव व्हायचेत अजून."

मग मिरवणूक थांबली. बँडने तुताऱ्या खाली घेतल्या, ड्वेन बुटांसकट कोलाच खात उभा राहिला, आणि सगळं गाव डुकरांचे भाव ऐकू लागलं. ते कालच्यापेक्षा जरा चढे होते.

"किती छान वाचते गं," एमिल हळूच म्हणाला.

"मला काय सांगतोस?" लिबी म्हणाली.

"तिलाच सांगणार आहे. आजच."

स्टास्नीबाईंनी घड्याळ बघितलं, घसा खाकरला. "एमिल, डुकरांचे झाले ना? निघायचं?"

"थांबा," एमिल म्हणाला. "मक्याचे राहिलेत."