बटणावरचा आठवडा

दिवसाला घंटा नऊ. पितळी चाकाला दात दोनशे अठ्ठ्याऐंशी, दर पाच मिनिटांना एक. चाकावर घंटांच्या वेळी ठोकलेले खिळे नऊ, ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या तबकडीवर तांब्याच्या टाचण्या बारा, चुंबक एक, बॅटऱ्या चार. अनुपमाने हे सगळं तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा बरोबर भरलं. तरी शुक्रवारी दुपारनंतर शाळेच्या सगळ्या घंटा पाच मिनिटं उशिरा वाजल्या. हा सलग दुसरा शुक्रवार. दोन्ही वेळा शाळा सुटल्यावर तिला चाक हाताने एक दात पुढे घ्यावं लागलं.

१९५८ साल. अमरावतीच्या त्या मुलींच्या शाळेत अनुपमा जूनमध्ये विज्ञान शिकवायला लागली होती, आणि विजेची घंटा हा तिचाच हट्ट होता. चुंबक तिने अकोल्याच्या भंगारातून शोधून आणला होता. मोठा काटा टाचणीला टेकला की वीज वाहायची, चुंबक चाक एक दात पुढे ओढायचा, आणि खिळा समोर आला की घंटा वाजायची. यात शुक्रवार कुठून आला?

दोष शोधायला आठवडाभर थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. मंगळवारी तिने घड्याळाचे काटेच फिरवून पाहिले. तिसऱ्या तासालाच सुटीची घंटा झाली आणि चारशे मुली दप्तरं घेऊन फाटकापाशी गोळा झाल्या. मुख्याध्यापक मोरोपंतांनी तिला ऑफिसात बोलावून एवढंच सांगितलं, "बाई, यापुढे घड्याळाला हात लावायचा नाही."

मग तिने घड्याळच वगळलं. शाळा सुटल्यावर टाचण्यांकडून येणारी तार सोडवून तिने एका बटणाला जोडली. एकदा दाबलं की पाच मिनिटं झाली. दर दोन सेकंदांना एक दाब, दाब एकसारखा, बोट स्थिर. सहा दिवसांचे सतराशे अठ्ठावीस दाब सत्तावन्न मिनिटं छत्तीस सेकंदांत संपले. घंटा चोपन्न, त्याही बरोबर चोपन्न.

शिपाई डोमाजी स्टुलावर बसून पाहत होता. "बाई, एका घंट्यात तुमी हप्ता खपवला. पगारबी असाच भेटला पायजे."

त्या शुक्रवारी मधल्या सुटीची घंटा पुन्हा पाच मिनिटं उशिरा झाली.

"तुमच्या बटणावर आठवडा अगदी बिनचूक चालतो म्हणे," मोरोपंत म्हणाले. "मग मुलींनी काय बटणावर शाळेत यायचं? पुढच्या शुक्रवारी चुकलं तर हे लटांबर उतरवा. विज्ञानाचे तास मी घेईन. तुमच्याकडे शिवण."

तिला रडू आलं नाही, चीड आली. चाक बरोबर, खिळे बरोबर, हिशेब बरोबर, आणि तरीही शिवण! शनिवारी तिने डोमाजीला गाठलं.

"डोमाजी, शुक्रवारी इथे वेगळं काय होतं?"

"काईच नाई. मी घड्याळाले चावी देतो, अन् कापसाच्या जिनिंगचा बाराचा भोंगा झाला का काटा बारावर आणतो. हप्त्यात पाच-सहा मिनिटं मागं पडते ना थे."

"आणता म्हणजे कसं?"

डोमाजीने हवेतच बोटाने एक झटका दिला. "असं."

"आणि हे मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"बारा वर्सं झाली, मी हेच करून राहिलो. यात काय सांगाचं? अन् हात लावू नका, असं सरांनी तुमाले म्हटलं होतं. मले नाई."

झटक्यात काटा अकरा पंचावन्नच्या टाचणीवरून इतका भर्रकन जात होता की चुंबकाला तेवढा वेळ पुरत नव्हता. तिचं बटण मात्र प्रत्येक दाब सारखाच देत होतं. चुकीचं वागणारं घड्याळ तिने कधी तपासायला घेतलंच नव्हतं.

तिने पत्र्याची तबकडी कापली, बारा टाचण्या लावल्या आणि मधोमध यंत्राशिवाय नुसता काटा बसवला. हळू, जोरात, पुढे, मागे, हवा तसा फिरणारा. डोमाजीला म्हणाली, "शुक्रवारी करता तसं करा, पण दर झटक्याला एकच टाचणी ओलांडायची. पन्नास वेळा."

पन्नासांत चाक एकोणीस वेळा सरकलं.

मग तिने आधीच्या चुंबकापुढे एक हलका चुंबक जोडला. काटा निसटला तरी चाक एक दात सरकेपर्यंत तो वीज तुटू देत नव्हता. पुन्हा पन्नास झटके, आणि चाक सरकलं एकसष्ट दात. झटक्यानंतर थरथरणारी टाचणी काट्याला दोनदा टेकत होती. बुधवार त्यातच गेला. डोमाजी म्हणाला, "आंधी कमी, आता जास्त. हे तर आमच्या सूनबाईचं मीठ झालं." अनुपमा हसली नाही. गुरुवारी तिने प्रत्येक टाचणीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. पन्नास झटके, पन्नास दात. तिने डोमाजीला आणखी शंभर द्यायला लावले. शंभर. मग रबराचे तसेच तुकडे घेऊन दोघं ऑफिसात गेली. भिंतीवरच्या घड्याळाला या वेळीही हात डोमाजीनेच लावला.

शुक्रवारी भोंगा झाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा चोपन्न झाले होते. मोरोपंतांनी आपलं खिशातलं घड्याळ भोंग्याला मिळवलं आणि ते हातात धरून व्हरांड्यात उभे राहिले. डोमाजीने बोटाने झटका दिला.

मधल्या सुटीची साडेबाराची घंटा बारा वाजून तीस मिनिटं दोन सेकंदांनी वाजली.