मैमुनाची नदी

शुक्रवारी सकाळी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वासिफने फर्मान सोडलं. नदीवरच्या नव्या पुलाला पाटी लावायचीय, नाव 'ब्लॅक रिव्हर', त्याच्या होमस्टेला बरं पडेल. वर म्हणे, "मैमुनाची नदी म्हणतात, पण ही मैमुना कोण, कुणालाच ठाऊक नाही."

अरे गाढवा, माझी अम्मा!

शारजाच्या खोलीत मी एकटाच ओरडलो. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी इन्शा अबुधाबीत, तिचा फोन मिनिटात खलास.

मग रागारागाने टाईप केलं. जंगलातली पानं कुजून नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं काळं, म्हणून तिकडे कुणी धुणंसुद्धा नेत नसे. मी इथून पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचो. घरात दहा जणांचे कान, म्हणून अम्मा टेप घेऊन नदीवर जायची. तिथेच ऐकायची, तिथेच उत्तर भरायची. पोरांनी नाव पाडलं, मैमुनाची नदी.

वासिफचं उत्तर आलं, "हमदुल्लाचाचा, प्रूफ?"

प्रूफ कुठून आणू? आम्हा गल्फवाल्यांची अक्कल अशी, की एकच कॅसेट जायची-यायची. अम्माचं ऐकायचं, फीत मागे नेऊन त्यावरच आपलं भरायचं. तेरा वर्षं मी अम्माचा आवाज माझ्या हाताने पुसला. शेवटच्या वेळी भरलेली पाठवायच्या आत अम्मा गेल्याची तार आली. कॅसेट कपाटातच राहिली. तिच्यावर मीच असणार, ऐकायचं काय?

तरी शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून टेप आणला आणि कॅसेट लावली.

"अम्मा, मी बरा आहे. ड्युटीला उशीर होतोय, ठेवतो." जेमतेम चार मिनिटं. बंद करायला हात नेला, तोच खट्ट झालं आणि पाण्याचा आवाज आला. मागून अम्मा. तिचं बोलणं माझ्यापेक्षा लांब होतं, उरलेलं पुसलंच गेलं नव्हतं. आणि हे मी तेव्हाही ऐकलं नव्हतं. अर्ध्यातच थांबवून उत्तर भरलं होतं.

फोन जवळ धरला, रेकॉर्ड केलं.

"नदीवर बसलेय रे. तू फार लवकर संपवतोस. तुझं संपलं की पुढे माझीच जुनी बडबड लागते. तीच ऐकत बसते. वाटतं, मधे कुठे तरी तू हो म्हणशील."

ग्रुपवर पाठवलं. वासिफने लिहिलं, "माफ करा चाचा. पाटी मैमुनाचीच."

ते मी फार उशिरा वाचलं. तोवर फीत पुन्हा पुन्हा मागे नेत होतो आणि तिच्या प्रत्येक वाक्यानंतर मोठ्याने म्हणत होतो, "हो, अम्मा. हो."