अर्ध्या मापाचा सदरा

तिसरी खेप होती. या ऑनलाइन शाळेत नापास म्हणत नाहीत, "अजून नाही" म्हणतात. गणितातल्या प्रमाणाच्या पायरीवर भिंगरीला दोनदा "अजून नाही" मिळालं होतं आणि बाबांनी बजावलं होतं, "आज पुन्हा तेच आलं तर सोमवारपासून मुकाट्यानं जुनी शाळा." जुन्या शाळेच्या नुसत्या नावानं पोर रोज सकाळी ओकायची. आई ते विसरली नव्हती.

प्रकल्प भिंगरीनंच निवडला होता: बाबांच्या सदऱ्याची मापं निम्मी करून आपल्या कापसाच्या अस्वलासाठी सदऱ्याचा कागदी नमुना कापायचा. आई हाडाची शिंपीण. काल इस्त्री करताना तो कागद दिसला नि तिचे हात शिवशिवले. पोरीनं शिलाईसाठी कडेला सोडायची जागाही निम्मी करून टाकली होती. पाव इंचात शिलाई टिकणार कशी? आईनं पुरती अर्धा इंच जागा सोडून दुसरा कागद कापला, जुना केरात टाकला. पोरीला सांगायचं राहून गेलं.

आता पडद्यावरच्या बाई म्हणत होत्या, "बाही निम्मी, छाती निम्मी. मग ही कड निम्मी का नाही?"

भिंगरीनं पट्टी लावली. पुन्हा लावली. तिचे कान लाल झाले. कॅमेऱ्याच्या आड आई जीव मुठीत धरून उभी. परीक्षेत घरच्या मोठ्यांनी बोलायचं नाही, हा नियम. दारात बाबा घड्याळ बघत होते.

"बाई, हा कागद मी नाही कापला."

आई कॅमेऱ्यासमोर धावली. "माझीच आगाऊ बोटं हो, बाई! तिचा बरोबरच होता... म्हणजे, नव्हता..."

"आई, गप ना गं!"

बाई हसल्या नाहीत. "आईंनी बाहेर जावं. भिंगरी, नवा कागद घे, माझ्यासमोर काप. आणि आईनं असं का केलं असेल, ते तूच सांग."

दार लागलं. बाबा पुटपुटले, "झालं समाधान? दोनदा तिनं घोळ घातला, तिसऱ्यांदा तू."

आत कात्री चालली. थांबली. मग भिंगरीचा अडखळता आवाज आला, "सदरा छोटा झाला, पण... कापडाचे दोरे नाही ना छोटे झाले. ते सुटायचे तेवढेच सुटणार. म्हणून कड तेवढीच. बाकी सगळं निम्मं."

"आणि राक्षसाचा सदरा असता तर?"

"बाकी मापं वाढतील. कड अर्धाच इंच. राक्षसालासुद्धा."

आईनं बाबांचं मनगट कधी धरलं, तिलाही कळलं नाही.

"जमलं," बाई म्हणाल्या.

भिंगरी कागद घेऊन बाहेर आली, घामाघूम. बाबांनी एवढंच विचारलं, "राक्षसालासुद्धा?"

"हो. आणि आई, पुढच्या प्रकल्पाला तू शेजारच्या मावशींकडे जाऊन बसायचंस. हे बाई नाही, मी सांगतेय."

नव्या कागदाचा गळा जरा तिरका आला होता. आईनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.