बायबिचेचे डोळे

त्या दिवशी एकच नदी दोन काठांना दोन गोष्टी सांगत होती, आणि उमसुनायला असलं दुटप्पी बोलणं माणसाचंही खपत नसे.

कोकोमेरेन नदीचं पाणी मोजणं हे उमसुनायचं काम. सकाळ-संध्याकाळ काठावरची मोजपट्टी वाचायची, अधूनमधून तारेवरच्या पाळण्यात बसून मधोमध जायचं, प्रवाहाचा वेग घ्यायचा आणि शहरातल्या कचेरीला कळवायचं. पट्टीवर एक लाल रेघ होती. पाणी तिच्यावर गेलं की खालच्या घळीत रबरी होड्या सोडायच्या नाहीत. पण होडीवाल्यांत पट्टीला विचारतो कोण! त्यांची सगळी भिस्त बायबिचेवर. बायबिचे म्हणजे घरातली थोरली बाई. इथे मात्र पलीकडच्या काठाजवळ पाण्यातून मान वर काढून बसलेला खडक. थोरल्या बायका बांधतात तसं पांढरं पागोटं त्याच्या डोक्यावर रंगवलेलं होतं. पागोट्याला पाणी लागलं की होड्या काठावर. यंदा तर कुणी हौशीने बायबिचेला डोळेही काढले होते, वरून येणाऱ्या होड्यांकडे बघणारे. पाहुणे त्यांचे फोटो काढत. उमसुनायच्या काठावरून ते दिसत नसत.

लाल रेघ आणि पागोट्याची खालची कड एकाच पातळीवर. आजवर दोघींचं कधी वाकडं आलं नव्हतं. आज मात्र लाल रेघ पाण्याखाली, आणि पागोटं कोरडं ठणठणीत, चांगलं वीतभर वर.

"वहिनी, पट्टीकडे डोळे वटारून पाणी उतरतं होय?" तिचा धाकटा दीर तालाय मागून म्हणाला. तो होड्यांचा म्होरक्या. आज त्याच्या अंगात नवा सदरा होता, कारण होडीत बसायला त्याचे होणारे सासरे झुमादिल आके येणार होते, आणि त्यांची मुलगी चिनाराही. वडीलधाऱ्यांना तिकडे आदराने आके म्हणतात.

"होड्या सोडू नकोस, तालाय. पाणी रेघेवर गेलंय."

"बायबिचे म्हणते जा. पागोटं बघ की!"

"तेच बघतेय. दोघींपैकी एक खोटं बोलतेय."

"मग तुझी पट्टीच. परवा ओंडका आदळला होता ना तिच्यावर? सासऱ्यांना काय सांगू, वहिनीची पट्टी रुसलीय म्हणून? ते आधीच म्हणतात, हा पोरगा नुसता बोलघेवडा."

ओंडक्याचं खरं होतं. उमसुनायच्या मनात शंकेचा किडा वळवळला. "चहा होईस्तोवर थांब," ती म्हणाली. "तेवढं तरी ऐक."

"चहा झाला की निघणार हं!"

पट्टीची उंची ज्यावरून ठरवतात तो लोखंडी खिळा काठावरच्या कातळात होता. तिने त्यावरून माप घेतलं. पट्टी तसूभरही हलली नव्हती. मग खडकाने अंग वर काढलं? की हिवाळ्यातल्या बर्फाने त्याला कलतं केलं? छे, कलला असता तर पागोटंही तिरकं दिसलं असतं. तिला आता तालायचा राग राहिला नव्हता. हे काय गौडबंगाल आहे ते कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं, इतकंच. ती पाळण्यात बसली आणि तार ओढत निघाली.

तार बायबिचेच्या वरच्या अंगाने जात होती. समोर आल्यावर तिने खडकाचा चेहरा निरखला. काहीतरी कमी होतं. पागोटं होतं, कपाळ होतं. डोळे कुठे गेले?

ती पाळण्यातून खाली वाकली. गढूळ लाटा क्षणभर विरळ झाल्या तेव्हा पाण्याखालून दोन पांढरे डोळे तिच्याकडे बघत होते. त्यांचा पांढरा रंग जुना, विटलेला होता; वरच्या पागोट्याचा मात्र कोरा करकरीत.

ती परतली तेव्हा चहा संपला होता. झुमादिल आके जाकीट चढवून होडीच्या काठावर बसले होते, चिनारा त्यांच्या शेजारी.

"बायबिचेला डोळे कुणी काढले?" उमसुनायने धापा टाकत विचारलं.

तालाय आपल्या बुटांकडे बघू लागला. चिनारा म्हणाली, "मी. का, छान नाहीत?"

"छान आहेत गं. पण जुनं पागोटं कुठे गेलं?"

"खालचं पांढरं आयतंच होतं, त्यातच बुबुळं भरली. बाकीचं पांढरं मातकट रंगवून चेहरा केला. मग डोकं बोडकं कसं ठेवायचं, म्हणून नवं पागोटं जरा वर..." तिचा हात तोंडावर गेला.

"जुन्या पागोट्याचेच डोळे झालेत," उमसुनाय म्हणाली. "आणि डोळे बुडालेत."

तालायने जाकीट काढलं आणि सासऱ्यांसमोर उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"तिचा दोष नाही, आके. रंगवताना तिचा दोर मी धरला होता. डोळे मोठे कर, पागोटं अजून वर घे, असं मीच ओरडत होतो. आज होडी जाणार नाही."

झुमादिल आकेही जाकिटाचे बंद सोडू लागले. "बरं झालं. मला पोहता येत नाही, आणि लेकीसमोर कबूल करायचीही लाज वाटत होती. चहा आहे अजून, की तोही वहिनींना विचारून?"

दुपारभर डोंगरात वितळलेला बर्फ संध्याकाळी खाली पोचला. पाणी चढत चढत नव्या पागोट्यालाही लागलं. सगळे हातात कप धरून बघत राहिले. "आत्ता आपण घळीत असतो," तालाय हळूच म्हणाला, आणि चिनाराने त्याची बाही घट्ट धरली.

शरदात पाणी उतरल्यावर तालाय रंगाचा डबा आणि घासणी घेऊन डोळे पुसायला निघाला. उमसुनायने त्याला अडवलं.

"डोळे राहू देत. पागोटं पूस."

"मग होडीवाल्यांनी बघायचं काय, वहिनी?"

"तुम्ही तिच्याकडे बघूच नका. ती तुमच्याकडे बघतेय का, तेवढं बघा. बघत असली तरच जा."