उन्हात विसरलेली हिरवी

मित्रांनो, मी एक जुनी अँटिबॉडी आहे. नाके मुरडू नका. करंगळीच्या पेराएवढ्या कुपीत मी आता थेंबभरच उरले आहे, पण तोंड माझे अजून शाबूत आहे.

माझे माहेर म्हणजे सशाचे रक्त. ज्या पेशींपासून पुढची पिढी जन्मते त्यांना बीजपेशी म्हणतात. त्यांच्यातले एक प्रथिन सशाला टोचले, तेव्हा ते ओळखून धरायला मी जन्मले. मग माझ्या अंगाला रंग जोडला. सूक्ष्मदर्शकाखाली निळा उजेड पडला की मी हिरवी चमकायची. त्या एका प्रथिनाला सोडून मी कुणाला हात लावला नाही. ऊठसूट कुणाच्याही गळ्यात पडणाऱ्यांतली मी नव्हे.

प्रयोगशाळेत माझा थाट होता. उजेडाने रंग विटतो, म्हणून मला फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवत. बाहेर काढायचे तर आधी खोलीतले दिवे मालवत. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, पाहुण्यांना माझी चमक दाखवत आणि कौतुक स्वतःचे करून घेत.

असेच एकदा पाहुण्यांसमोर मिरवताना त्यांनी माझी फॉइल सोलली आणि मला खिडकीतल्या टेबलावर विसरून जेवायला गेले. दुपारभर मी उन्हात भाजले. संध्याकाळी त्यांनी मला गुपचूप गुंडाळून परत ठेवले. कुणापाशी अवाक्षर नाही.

पुढे त्यांच्या हाताखालच्या मुलीने मला काढले. साध्या पेशींपासून बीजपेशी घडवण्यासाठी ती मर मर राबली होती. त्या खऱ्या की खोट्या, हे मी चमकून सांगायचे होते. माझे प्रथिन मी तिथे लगेच ओळखले, घट्ट धरले. पण चमकता येईना.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "नुसता काळोख. झोपेत वाढवल्यास का गं या?"

"सर, मला शंका अँटिबॉडीची येतेय."

"हो ना, तुझं कुठे काय चुकतं? उद्या टाकून दे सगळ्या. जागा अडलीय."

माझे बोलणे तेव्हा ऐकू गेले असते, तर या माणसाची भर खोलीत बिनपाण्याने केली असती.

ते उठू लागले. मुलगी जागची हलली नाही. "बसा सर. दुसरी काचपट्टी राहिलीय. उंदराच्या वृषणाचा काप आहे, हीच अँटिबॉडी लावलेला. यात बीजपेशी असणारच ना?"

"असणारच."

"मग इथंही काळोख का?"

सर घसा खाकरत म्हणाले, "जुनी झाली असेल ती."

"झाली नाही, कुणीतरी केली. मी फॉइलची कड आत दुमडते. आज ती बाहेर होती."

सरांनी खिशातून फोन काढला, वाजला नव्हता तरी. "नवी मागव," म्हणाले आणि गेले. चुकलो म्हणायला यांची जीभ झिजते.

नवी आली, माझ्याच कुळातली. मुलीच्या पेशींवर हिरवीगार चमकली. सरांनी साऱ्यांना बोलावले. "बघा, आमच्या पेशी." आमच्या म्हणे.

मुलीने मला फेकले नाही. फॉइलची कड आत दुमडून फ्रीजच्या कोपऱ्यात ठेवले. मित्रांनो, आमच्यासारख्यांना झाकून जपा. आणि कुणाचे कष्ट कचऱ्यात टाकायला सांगण्याआधी, आपण काय उघडे टाकून गेलो होतो ते आठवा. तिच्या पेशी मी त्या दिवशीही धरून होते. दिसले नाही, एवढेच.